पाच पाती, गुलाबी मूठ आणि नानांची मिशी

ती. सौ. कुसुमताई हिच्या पायांशी धाकट्या शेखरचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, भावजींची शुगर आणि दापोडीचं नळाचं पाणी, तिन्ही ठिकाणावर असतील असं धरून चालतो. इकडे चाकणला आमचं बरं चाललंय. फोन करायचा सोडून हा पत्र का लिहीत बसला, असं म्हणशील. (घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. तूर्त एवढंच समज.) तुझी भाची तेजस्विनी कॉलेजला जाताना तुझ्या हातात देऊन जाईल.

तर ताई, तुझा भाऊ एक्सपोर्टवाला झाला! ज्या शेडमध्ये मी इतकी वर्षं बादल्यांच्या कड्या काढल्या, तिथनं आता बायकांचे रेझर पोलंडला जाणार. घाऊक, एका खेपेला ऐंशी हजार नग. हसू नकोस, मलाही गावात पहिल्यांदा 'दाढीचं सामान' म्हणूनच सांगावं लागलं. माल घेणाऱ्या बाईंनी कळवलं, रेझरला काय काय सोयी द्यायच्या ते तुम्हीच ठरवा आणि नमुना दाखवा. आता ठरवायचं म्हटल्यावर आपल्यात रीत काय? जमीन विकायची असो नाहीतर पोरीचं लग्न असो, भावकी बसते. तशी बसवली. मधे मारुतरावनाना, भोवती आम्ही सहा चुलतभाऊ. सात पुरुष, आणि वस्तू बायकांची! घरात एवढ्या बाया असताना एकीला तरी विचारावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. (माझ्याही.) पाती पाच ठरली, कारण तीन म्हणजे कमीपणा. मूठ गुलाबी, गुळगुळीत, चकचकीत, आणि हाताला भारदस्त लागावी म्हणून आत लोखंडाची कांडी. चाचणी आम्हीच घेतली, आपापल्या गालावर. नानांनी मिशीची कड काढून बघितली, ती अशी सुरेख निघाली की मी भरात येऊन माहितीपत्रकात छापलं : 'मिशीची कड सफाईने निघते.' आणि ते पोलंडला गेलंसुद्धा!

मग बाईंचा व्हिडिओ कॉल आला. तेजस्विनी मराठीत सांगत होती. बाईंचा सवाल एवढाच, की साबणाच्या ओल्या हाताने, वाकून, गुडघ्यामागे हा रेझर धरता येतो का? नानांना एकदम फोन आला (वाजला नव्हता). शेवटी मी हिंमत करून कॅमेऱ्यासमोर हाताला साबण लावला, रेझर धरला, आणि तो सुळकन निसटून थेट चहाच्या कपात. पंधरा दिवसांत दुसरा नमुना द्या, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल, एवढंच बाई म्हणाल्या. ताई, पॅकिंगच्या चौदा बायकांना मी दिवाळीपर्यंतच्या कामाचा शब्द देऊन बसलो होतो.

पण डोकं चालवलं! मूठ जाड केली, खुरप्याच्या मुठीसारखी, आणि अंगठ्यापाशी खाचा दिल्या. कांद्याच्या ओल्या वाफ्यात तुझ्या हातातनं कधी खुरपं निसटलं का? न्हाई ना! लोखंड काढलं, पाती तीनवर आणली, गुडघ्यावर वळेल असं डोकं ढिलं ठेवलं, वर झाकण बसवलं. मिशी उडवली. (माहितीपत्रकातली. नानांची शाबूत आहे.) बाईंना नमुना इतका पसंत पडला की गुरुवारी स्वतः शेड बघायला येतायत. चाकणपासून रहाटणीपर्यंत कुणालाही विचार, असला रेझर कुणी काढलाय का. मला लई अभिमान वाटतोय बघ, आणि तो मी लपवणार नाही.

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शेखर

ता. क. : एक बारकं काम होतं. ही मूठ ज्या बाईला सुचली तिच्याशी बोलूनच ऑर्डरवर सही करणार, असं पोलंडच्या बाई म्हणतात. पुरुषाला हे सुचणं शक्य नाही म्हणे. मी गडबडीत तुझं नाव सांगितलंय. खरं तर पुनमने पॅकिंगच्या शालनबाईंना आणि बाकीच्या जणींना घेऊन, सगळ्यांच्या हाताला साबण लावून ती मूठ ठरवली. पण भावकीत मी माझ्या नावाने पेढे वाटून बसलोय. आता पुनमचं नाव घ्यावं तर बायकोच्या अकलेने चालतो म्हणतील. बहिणीची अक्कल म्हणजे आपलीच. तेव्हा गुरुवारी ये, आणि दोन वाक्यं ठोकून दे.

आणखी एक ता. क. : वन्सं, पुनमचा नमस्कार. तेजस्विनीने पत्र आधी मला दाखवलं, म्हणून खाली जागा होती तिथे लिहितेय. पोलंडच्या बाईंशी तिने रविवारीच माझं बोलणं करून दिलं. मूठ कुणाला सुचली विचारलं, मी म्हटलं आम्हा पंधराजणींना. सांगताना ऊर भरून आला हो. सही झाली ऑर्डरवर. तुम्ही गुरुवारी याच, खोटं बोलायला नाही, आमच्या शेजारी उभं राहायला. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. छाती काढून फिरतायत, गुरुवारपर्यंत फिरू देत.