विहीर शांततेनं खुली झाली नव्हती

बाबा, काल विहारात तुमच्यावर भाषण झालं. बोलणारा मुलगा पंचविशीचा, त्यानं तुम्हाला पाहिलेलंही नाही. म्हणाला, गिरणीतल्या एका साध्या विणकरानं सावनेरकडच्या गावातली विहीर शांततेनं खुली केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. शांततेनं? मी तिथे होते.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात सरकारी विहिरीत घागर सोडली म्हणून गाववाल्यांनी आत्याचा हात पिरगाळला, तेव्हा तुम्ही मला घेऊन तिच्या गावी गेलात. मी सोळा वर्षांची. सरपंच ओसरीवर बसलेला, तुम्ही खाली उन्हात उभे. विहीर सगळ्यांची आहे, असा कायदा आहे, हे तुम्ही हात जोडून सांगताय आणि तो सुपारी कातरतोय. "तुझा कायदा नागपुरातच ठेव गा," तो म्हणाला. भोवतीची पोरं हसली. मी दगड उचलला. तुम्ही माझं मनगट धरलं.

एसटीत मी विचारलं, "काहून धरलं मले?"

"तू एक दगड मारशील वं, अन् आपण नागपूरले निघून जाऊ. मंग आत्याच्या घरावर दगड पडतीन."

"आतापर्यंत काय फुलं पडून राहिली होती का?"

तुम्ही कंडक्टरकडून दोन तिकिटं घेतलीत. मला तुमची लाज वाटली.

नागपुरात आपल्या वस्तीतली तरुण पोरं तेव्हा लाठ्या घेऊन त्या गावी जायचं ठरवत होती. अर्जविनंत्या पुरे झाल्या, हे त्यांचं बोलणं मला पटायचं. आणि मारणाऱ्यासारखं आपण व्हायचं नाही, हे तुमचंही खोटं वाटत नसे. पण रविवारी मी त्यांच्याबरोबर टेम्पोत चढले. माझ्याही हातात लाठी होती.

आम्ही पोचलो तर तुम्ही आधीच विहिरीवर. कुणाला न सांगता सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलेले. डोळ्यातून रक्त वाहतंय आणि तुम्ही दोर ओढताय. आत्या एका हातानं घागर धरून उभी. तुम्हाला मारणारा समोरच होता. आमच्या लाठ्या उठल्या. तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "घागर भरू द्या गा आधी."

आमचा हात पुढे झाला नाही. गाववाल्यांचाही झाला नाही, कारण आम्ही लाठ्या घेऊन उभे होतो. घागर भरली. मग दुसरी. मग आत्याच्या वस्तीतल्या बाया एकेक करून यायला लागल्या.

हे त्या भाषणात नव्हतं. तुमचा डोळा गेला, हेही नव्हतं. एका डोळ्यानं तुटलेला धागा दिसेना, म्हणून गिरणीनं तुम्हाला मागावरून काढून हातात झाडू दिला, आणि तुम्ही तो निमूट घेतलात. मारणाऱ्याला शिक्षा झाली नाही. आत्याकडे जाताना वाटेत तो दिसला की तुम्ही त्याला नमस्कार करायचात! तुम्ही त्याला माफ केलंत, बाबा. मी केलं नाही. करणारही नाही.

माझी लेक विचारते, विहीर तुमच्या लाठ्यांनी उघडली की आजोबांच्या रक्तानं? मी सांगते, दोन्हींनी. ते खरंच आहे. पण तिला जे सांगत नाही, ते इथे लिहिते, कारण हे पत्र कुठे टाकायचंच नाही. ती विहीर आजही बंद असती, तरी मला चाललं असतं. आत्याला आपण नागपुरात आणून ठेवलं असतं. मला तुमचे दोन्ही डोळे हवे होते.