पाटीवरचा मजकूर

मेढ्याच्या वरची वाडी,
रविवार, ता. १९ जानेवारी १९७५

सातवीच्या वर्गातल्या माझ्या एकतीस मुलामुलींनो,

सर्वांना आशीर्वाद. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. तुमची तक्रार रास्त आहे. शुक्रवारचा पत्रांचा तास बंद पडला, नवे गुरुजी गाईडमधलं सहलीच्या परवानगीचं पत्र पाठ करून घेतात, आणि मी तुम्हाला न सांगता निघून आलो. जोतीराम लिहितो, 'आमी आता कुणासाठी लिवायचं?' त्याचं अक्षर सुधारलंय. शुद्धलेखन तिथंच आहे.

इथलं सांगतो. चौथीपर्यंतची एकशिक्षकी शाळा, चौदा पोरं. डाक आठवड्यातून दोनदा. वर्तमानपत्र हातात पडतं तेव्हा त्यातल्या सभा उठून गेलेल्या असतात. शाळा सुटली की पोरं गुरांकडं पळतात, मग समोर डोंगर आणि इकडं मी. मला गप्प बसता येत नाही हे तुम्ही जाणताच. परवा भात शिजवताना शिक्षणावर मोठ्यानं बोलत होतो. शेजारची दगडाबाई दारात येऊन म्हणाली, "गुरुजी, पावणं आल्यात व्हय?" मी म्हटलं, नाही. तिनं आत डोकावून पाहिलं आणि गेली.

पत्रांच्या तासाबद्दल माझं मत बदललेलं नाही, बदलणार नाही. नसलेल्या मामाला खोटी पत्रं लिहून कुणी शिकत नाही. आपल्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, आणि त्यांच्या बायका-आयांना अक्षर येत नाही. सातवी पास होऊन जाणाऱ्या पोरांनी गावाचं एवढं ऋण फेडलंच पाहिजे, असं मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो. तुम्ही पाट्या घेऊन घरोघर गेलात. बाई सांगेल ते पाटीवर, शाळेत येऊन माझ्याकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून इनलँडवर, मग बाईला वाचून दाखवून पेटीत. बिराप्पाला बनुबाईनं सांगितलं होतं, "लिव, म्हस व्याली, रेडी झाली." हा म्हणतो, "आजी, तुमच्या तब्येतीचं काय लिवू?" "आरं, म्हस व्याली म्हणलं न्हवं? तब्येत बरी नसती तर धार तुझ्या बानं काढली आसती?" सगळा वर्ग हसला होता. तेवढंच आपण मोठ्यानं वाचत होतो, म्हशींचं आणि पिकाचं. बाकीच्याला नियम होता. पत्र इनलँडवर उतरलं की पाटी पुसायची, आणि मजकूर डोक्यातूनही पुसायचा. तो नियम मीच फळ्यावर लिहिला.

तुम्ही लिहिता, 'सुगरी अजून शाळेत येत नाही. तिनंच साळूबाईचं गावभर केलं आणि सगळं घालवलं.'

इथवर सकाळी लिहिलं. आता ऊन उतरलंय. मघापासून दोनदा वाटलं की इथंच सही करावी.

साळूबाईनं सुगराला काय लिहायला सांगितलं ते गावाला कळलंच आहे, म्हणून इथं लिहितो. लग्नानंतर अकराव्या दिवशी तिचा नवरा नाथाजी पलटणीत परत गेला. चार वर्षं झाली. 'अकरा दिसांत पायलेलं तोंड आता आठवंना. टोपी तेवढी आठवती. एक फोटू काढून धाडा.' सुगरानं शब्दसुद्धा बदलला नव्हता. पाटी तपासायला माझ्यापुढं आली, आणि मी खिशातली वही काढून तो मजकूर उतरून घेतला. सुगरा समोर उभी होती. मी म्हणालो, "आता पूस." तिनं पुसली.

पुढच्या रविवारी कुंडलला स्त्रीशिक्षणावर माझं भाषण होतं. जिल्हा दुसरा, माणसं अनोळखी, नाव घ्यायचं नाही, एवढी माझी सावधगिरी. अकरा दिवस आणि टोपी मी अशी सांगितली की मंडपात पोर रडेना. टाळ्या थांबत नव्हत्या. मला फार बरं वाटलं होतं.

खाली उतरलो तर एक फेटेवाले पुढं आले. लालासाहेब, नाथाजीचे मामा. म्हणाले, "झ्याक बोलला गुरुजी. ती आमच्या नाथाजीची न्हवं का?" मी म्हटलं, उदाहरण आहे. "आन् अकरा दिस?" त्यावर माझ्यासारखा बोलका माणूस जे बोलला ते ऐका. मी म्हणालो, "तुमच्या बहिणीच्या गावात ते सगळ्यांच्याच तोंडी आहे."

एवढं एक वाक्य. ते गावात पोचलं. साळूबाईला माहेरी धाडलं. गाव विचारू लागलं, सगळ्यांच्या तोंडी केलं कुणी? पाटी कुणाच्या हातात होती? सुगराची आई चांदबी, तिच्याकडून बायका बांगड्या भरून घेईनात. म्हणाल्या, मणेराच्या घरात गोष्ट ऱ्हात न्हाई. ज्या बाईच्या पोटात तीस वर्षं गावातल्या सुनांची दुःखं राहिली, तिला हे ऐकावं लागलं.

मग रमजानभाई सुगराला धरून वर्गात आले, ते तुम्ही पाहिलंत. "गुरुजी, तुमीच इचारा हिला. माझ्याम्होरं तोंड उघडत न्हाई." आणि मी विचारलं. सगळ्यांदेखत विचारलं, "सुगरा, कुणाला बोललीस?" ती माझ्या खिशाकडं बघत होती. वही तिथंच होती. "न्हाई गुरुजी," एवढंच म्हणाली. बापानं मारलं तेव्हाही तिनं माझं नाव घेतलं नाही. मी अन्यायावर तासभर बोलू शकतो. त्या दिवशी माझ्या तोंडून चार शब्द निघाले नाहीत.

माझी बदली राजकारणातून झाली असं तुम्ही समजता. मी तसं समजू दिलं. बदली मी मागून घेतली.

नाथाजीला मी काल सगळं लिहिलं आहे, आणि साळूबाईच्या माहेरी तिच्या भावाला. ते तुमच्या वयाचं काम नव्हे. तुमचं काम वेगळं आहे. सातवीच्या परीक्षेचे फॉर्म महिनाअखेर जाणार. सुगराचा फॉर्म गेला नाही तर ती पुन्हा शाळेत येणार नाही. रमजानभाई तिचं लग्न ठरवतील, आणि वर्गातली सर्वांत प्रामाणिक मुलगी लबाड म्हणून नांदायला जाईल.

तुमच्याबरोबर मीच यायला हवं होतं. मी भ्यालो, अजून भितो आहे. म्हणून हे तुम्हाला सांगतो. शुक्रवारी शाळा सुटली की एकतीसच्या एकतीस जण रमजानभाईंच्या दारात जा, आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, शेजारपाजारी ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचा. माझं नाव कुठंही गाळू नका.

सुगरानं राहू दिलं तरच तुमचा गुरुजी,
मानसिंग