काशीत सोडलेलं वांगं

आप्पा, आज भाजीवालीनं टोपलीतली काटेरी वांगी पुढ्यात ओतली आणि तुमची आठवण झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं लोटली की तुमचा आवाज आता नीट आठवत नाही. हात मात्र आठवतो. स्टेअरिंग धरून धरून घट्टे पडलेला उजवा हात, आणि तो आईच्या कानशिलावर बसला की व्हायचा तो आवाज. सोलापुरातल्या आपल्या चाळीत मिलचा भोंगा झाला की लोक घड्याळं लावायचे आणि तुम्ही यात्रेवरून परतलात की शेजारचे रेडिओ मोठा करायचे.

यात्रा कंपनीच्या गाडीचे तुम्ही ड्रायव्हर. काशी, प्रयाग, हरिद्वार तुम्हाला आपल्या गल्लीसारखं पाठ. परत आलेल्या म्हाताऱ्या तुमच्याही पाया पडायच्या, म्हणायच्या, ड्रायव्हरसाहेब लई पुण्यवान, दरसाल गंगा घडती. आणि त्याच आठवड्यात चहा गार झाला म्हणून तुम्ही आईला उंबऱ्यापासून मोरीपर्यंत फरफटत नेलेलं असायचं. तिचा डावा कान तुम्हीच घालवलात. मग त्या बाजूनं हाक मारली की तिला ऐकू यायची नाही, तुम्हाला तो माज वाटायचा आणि त्याबद्दल पुन्हा मार. हा हिशोब कुठल्या शाळेत शिकलात कोण जाणे.

त्या उन्हाळ्यात गाडीचा आचारी ऐनवेळी गावी निघून गेला आणि मालक म्हणाले, बायकोला घे स्वयंपाकाला. मला सांभाळायला घरी कोणी नव्हतं म्हणून मीही आले. टपावर ज्वारीच्या पिठाची पोती, शेंगाचटणीचे डबे, स्टोव्ह आणि भली मोठी पातेली. खिडकीतून बाहेर बघताना मला सारखं वाटायचं, आता काशी आली की सगळं ठीक होणार. कारण काशीत काहीतरी सोडावं लागतं, आवडीचं, जन्मभरासाठी, हे मला आईनं सांगितलं होतं. तुम्ही राग सोडाल अशी माझी पक्की खात्री. एवढ्या लांब दुसरं काय सोडायला जातो माणूस.

घाटावर गुरुजी एकेकाला विचारत होते. मंद्रूपच्या एका आजोबांनी गवार सोडली, तर त्यांची बायको पाण्यातूनच म्हणाली, "ती कधी खाल्ली व्हती तुमी?" सगळे हसले. तुमची पाळी आली. मी ओल्या परकराची गाठ मुठीत धरून मनात म्हणत होते, राग म्हणा, राग म्हणा. तुम्ही क्षणभर गप्प राहिलात आणि म्हणालात, वांगं. आईनं मात्र काय सोडलं ते सांगितलंच नाही. नाक धरून बुडी मारली आणि वर येऊन गुरुजींना म्हणाली, मनात सोडलंय. रात्री मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, सांगायची येळ आली की सांगीन.

ती वेळ मसुरीला आली. थंड हवेचं ठिकाण दाखवतो म्हणून मालकांनी त्या वर्षी पहिल्यांदाच मसुरी घातली होती. लोक बर्फाचे डोंगर बघायला पळाले. आईनं गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून डाळ चढवली. डाळ उकळत होती, फेस येत होता, पण दाणा काही मऊ होईना. उंचावर डाळ शिजायला फार वेळ लागतो, हे मला पुढं मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात सापडलं. तेव्हा त्या गाडीत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ऊन डोक्यावर आलं, माणसं ताटं घेऊन बसली, कच्ची डाळ दाताखाली आली आणि कोणीतरी म्हणालं, ड्रायव्हरच्या बायकोला साधी डाळ जमंना.

तुम्ही ताटावरून उठता. मला अजून दिसता तसे. गाडीला वळसा घालून येता, काही विचारत नाही, आईचा अंबाडा धरता आणि तिचं डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटता. एकदा, परत एकदा. पत्र्यावर रंगवलेल्या देवाच्या नावावर रक्ताचा ओघळ येतो. मी तुमच्या पायाला मिठी मारते, तुम्ही लाथेनं मला झटकता, माझा ओठ फुटतो. समोर ते पांढरे डोंगर तसेच चकाकत असतात. मला त्या डोंगरांचा फार राग आला होता, आप्पा.

तुमच्या मुठीतून अंबाडा सोडवून आई सरळ उभी राहिली. तिच्या हातात डाळ वाढायचं वगराळं होतं.

"हात खाली घ्या. काशीत सोडलंय मी."

"काय सोडलंस गं?"

"तुमचा मार. ह्यापुढं खानार न्हाय."

तुम्ही हसलात. हसतच तो हात आणखी वर उगारलात. आईनं अजून स्टोव्हवर असलेल्या पातेल्यात वगराळं बुडवलं आणि भरून उकळती डाळ त्या हातावर ओतली. घाई नाही, ओरडणं नाही, पंगतीत वाढावं तशी ओतली. तुम्ही किंचाळलात तसं मी माणूस किंचाळलेलं कधी ऐकलं नव्हतं. मनगटापासून कातडी सुटून आली. लोक धावत आले तेव्हा तुम्हीच म्हणालात, डाळ सांडली. पट्टी आईनंच बांधली, स्वतःचा पदर फाडून. तिच्या कपाळावरचं रक्त तोवर वाळलं होतं.

मसुरीच्या घाटातून तुम्ही एकट्या डाव्या हातानं गाडी उतरवलीत, गिअर क्लीनर टाकत होता. प्रत्येक वळणाला मला वाटायचं, आता आप्पा गाडी दरीत घालणार. आई तुमच्या सीटच्या मागेच बसली होती, वगराळं मांडीवर घेऊन.

घरी आल्यावर मावंदं घातलं. गंगेची पूजा झाली, चाळ जेवायला बसली आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी विचारलं, काय काय सोडलं? तुम्ही म्हणालात, वांगं. मग आईला विचारलं. भात वाढता वाढता ती म्हणाली, "ह्यांचा मार सोडला." कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. तुम्ही मान खाली घालून चमच्यानं भात खात राहिलात, उजवा हात पट्टीत होता.

त्यानंतर तुम्ही तिला हात लावला नाही. सुधारलात असं मी म्हणणार नाही. अख्ख्या चाळीला ठाऊक असलेला आईचा काशीचा नेम मोडायला तुम्ही भ्यालात. पण भीती किती दिवस पुरते? वांग्याचा नेम मोडलात तर माराचाही मोडाल, म्हणून मी तुमच्या ताटाकडे लक्ष ठेवायची. अक्कलकोटला एका लग्नात तुम्ही भरलं वांगं मागून घेतलंत आणि मिटक्या मारत खाल्लंत, तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला. आईनंही पाहिलं होतं. त्या दिवसापासून वगराळं स्वयंपाकघरातून तिच्या उशाशी आलं आणि तुम्ही जाईपर्यंत तिथंच राहिलं. त्याची गरज पडली नाही, पण उशाशी वगराळं ठेवून झोपणं ही काय झोप असते का?

मागच्या वर्षी मी काशीला जाऊन आले. तुमच्यावरचा राग सोडायचा, असं घरून ठरवून गेले होते. पाण्यात उभी राहिले. गुरुजींनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, वांगं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुम्हीही घाटावर क्षणभर गप्प राहिला होतात. मनात दुसरंच होतं आणि ऐनवेळी तोंडून वांगं आलं, असं तुमचंही झालं होतं का? एवढंच विचारायला लिहायला बसले होते. पण हे पत्र मी तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. तुम्ही हो म्हणालात, तर मला तुम्हाला माफ करावं लागेल, आणि ते मला अजून करायचं नाही.