दोनशे एकाहत्तर इंच छाती

ती. दादा यांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर साथ देत नाही, म्हणून कागदावरच वाकलो आहे. गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि आपल्या जुन्या मशीनचा पायडल, तिघांच्या तब्येती कळवा. इकडे लेक-जावई मजेत. दुकानामागचं झाड पाडायला कुऱ्हाडवाला येत्या मंगळवारी येणार, हे माझ्या लक्षात आहे. त्यावर पुढे लिहीन.

मी आल्या दिवसापासून लेकीचे पडदे उसवून पुन्हा शिवत होतो. (शिलाई भयंकर होती हो, डोळ्यांना बघवेना.) चौथ्या पडद्याला तिने हात जोडले आणि मला बागेत पिटाळलं. दादा, या राजधानीत बागा किती असाव्यात? चार दिवसांत सात पाहिल्या, आठवीत हरवलो. इथे माणसं खुराड्याएवढ्या खोल्यांत राहतात, स्वयंपाकघरात दोघं उभे राहिले तर तिसऱ्याला जिन्यात थांबावं लागतं. आणि शहराच्या ऐन मध्यावर ही एवढी जमीन नुसती गवत उगवायला सोडून दिलेली! मला वाटलं, यात काहीतरी गोम असणार. पहारेकऱ्याला विचारलं, की आत जायला कोणाची चिठ्ठी लागते? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप आत गेलो. तळ्याकाठी कारकून डबा खात होते, एक ड्रायव्हर बूट उशाला घेऊन घोरत होता, आणि कोणी कोणाला ऊठ म्हणत नव्हतं. मी अर्धा तास बाकावर नुसता आ वासून बसलो.

आठव्या बागेत ते झाड भेटलं. त्याच्याखाली उभं राहिल्यावर मी आपोआप टोपी काढली, इतकंच सांगतो. पण तुम्हाला पत्रात 'मोठं झाड' असं मोघम कसं लिहू? अंदाजाचं माप मला चालत नाही. खिशात टेप होती, खडू होता. साठ इंच झाले की खडूची रेघ, पुन्हा साठ, पुन्हा रेघ, असं करत छाती घेतली. दोनशे एकाहत्तर! वहीत मांडत होतो, तोच काठी टेकत एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या आणि काय काम करता म्हणून विचारू लागल्या. मी ताठ मानेने म्हणालो, "कटिंग. चाळीस वर्षं कटिंगच करतो." रोज किती, या प्रश्नावर मी गर्दीच्या दिवसांत पंधरा-पंधरा काढतो, असंही सांगून बसलो. (खोटं नाही, शर्ट धरले तर.)

बाईंनी शिट्टी फुंकली. बघता बघता फिरायला आलेली पंचवीस-तीस माणसं धावली आणि हातात हात घालून झाडाभोवती उभी राहिली. त्यांनी माझ्या खडूच्या रेघा पाहिल्या होत्या. झाड पाडण्याआधी इथे अशाच रेघा मारतात म्हणे. त्यातल्या एकानेही ते झाड लावलेलं नव्हतं, निम्म्यांची आपसात ओळखही नव्हती. एक आजोबा तर एका हाताने झाड आणि दुसऱ्याने धोतर सावरत होते. दादा, खरं सांगतो, मला भरून आलं. शेवटी माळी आला. त्याने खडू हातात घेऊन पाहिला आणि हसत सुटला, "अहो, हा तर शिंप्याचा!" मग मास्तरीणबाईंनी माझी माफी मागितली आणि लगेच बाहीची उसवलेली शिवण पुढे केली. ती मी तिथेच, झाडाखाली बसून घालून दिली.

सर्वांना नमस्कार, आशीर्वाद ज्याचे त्याला.

आपला धाकटा

ता. क. झाड पाडायचा हट्ट माझाच होता. पाला पडतो, पाखरं कापड खराब करतात, तिथे माझं कटिंगचं टेबल मावेल, असं मीच तुमचं डोकं खाल्लं, आणि तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. कुऱ्हाडवाल्याला परत पाठवा. टेबल जिन्याखाली लावीन. (हेच सांगायला दोनदा फोन केला. तुम्ही मशीन न थांबवता 'हो हो' म्हणून ठेवून दिलात.)

आणखी ता. क. आपल्या झाडाची छाती घेऊन कळवा. दुसरी टेप माझ्या खणात आहे. माप इंचाइंचाने खरं हवं.

शेवटचं. पत्र पोचेपर्यंत मंगळवार उलटला असेल, तर मला काही सांगू नका. एखादा आकडा अंदाजाने लिहून पाठवा. चालवून घेईन.