एकेचाळिसावे पान

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, निवृत्त टंकलेखिका, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. डोके ठिकाणावर आहे; शंका असेल त्याने डॉक्टरांना विचारावे. आधीची दोन मृत्युपत्रे रद्द. ती रागात लिहिली होती. हेही रागातच आहे, पण विचार करून.

१. युद्धांवरची चारशे पुस्तके व नकाशे सार्वजनिक वाचनालयास. नकाशावरच्या प्रत्येक बाणाखाली किती माणसे चिरडली, ते मी समासात पेन्सिलीने लिहिले आहे. खोडू नये.

२. काळी वही. युद्धकाळात मी सैन्याच्या नोंदणी कार्यालयात मृतांच्या घरी जाणारी पत्रे टाइप करत असे. मजकूर एकच: ‘गोळी लागताच वीरमरण आले. यातना झाल्या नाहीत.’ नावाची जागा कोरी. ती मोठे कारकून पलीकडच्या खोलीत भरत. डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवले होते की खोटे बोलू नये आणि टाइप करताना बोटांकडे पाहू नये. मी दुसरे तेवढे पाळले.

पुढे तीस वर्षे मी जिवंत परतलेल्यांना गाठून विचारत राहिले. वहीत एकशे बारा जणांचे खरे मरण आहे. सहावा रणगाड्यात भाजला. ओढून काढताना हाताची कातडी मोज्यासारखी निघाली. सतरावा काटेरी तारेत अडकून दोन दिवस पाणी मागत होता. अखेर त्याच्याच हवालदाराने त्याला गोळी घातली.

३. राहते घर भाच्यास, अटीवर. तो स्मारक समितीचा अध्यक्ष. दगडावर त्याने ‘हसत हसत मृत्यूला सामोरे गेले’ असे कोरून घेतले आहे. वही चाळून म्हणाला, “मावशी, लोकांना हे झेपणार नाही.”

“त्या पोरांना झेपलं होतं का?”

“शौर्य तेवढं ठेवू. आतडी वगैरे कशाला?”

अट अशी: स्मृतिदिनी त्याने वही उभ्याने, मोठ्याने, एकही ओळ न गाळता वाचावी. न वाचल्यास घर स्ट्रेचर वाहणाऱ्या सैनिकाच्या मुलीस. एकेचाळिसावे पान तिच्या वडिलांनी सांगितलेले आहे.

४. माझी शिल्लक व दागिने धाकट्या बहिणीस. ती म्हणते, “ताई, तू जन्मभर मढी उकरलीस.” उकरली. बाई, एकेचाळिसावे पान आपल्या दादाचे आहे.

त्याचे पत्र घरी आले तेव्हा आईने कोपऱ्यावर बोट ठेवले. “ही तुझीच अक्षरं ना? मग खरंच असणार. माझं पोरगं तडफडलं नाही.” मी “हो, आई” म्हटले. ते पत्र तिने मरेपर्यंत उशाखाली ठेवले. आता ते तुझ्या भिंतीवर आहे.

तोफगोळ्याने दादाचे पोट फाटले. आतडी दोन्ही हातांनी आत दाबून तो सकाळपासून दुपारपर्यंत आईला हाका मारत होता. स्ट्रेचरवाला वीस हातांवर होता. गोळीबारात त्याला डोके वर काढता आले नाही.

हे मला आईला सांगता आले नाही, तुलाही नाही. म्हणून तुझ्या मुलाच्या तोंडून सांगते आहे. हा भ्याडपणाच आहे. पहिल्या रांगेत बस आणि उठून जाऊ नकोस.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: चार फेब्रुवारी

साक्षीदार:
डॉक्टर, माझ्यावर उपचार करणारे (सही)
शिंपी, समोरचे दुकान (सही). वही वाचताना दोनदा बाहेर जाऊन आला, पण पुरी वाचली.

मृत्युपत्र करणारी (सही)

टंकलेखन मी स्वतः केले. डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरे आहेत. या वेळी ती सगळे वाचून घातली आहेत.