आजार : नाही

जेल रोड, नाशिकरोड
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

प्रिय मनीषाताईस,

उज्वलेचा नमस्कार. दाजींनाही सांग. इकडे सगळं ठीक. ह्यांची एकलहऱ्याच्या वीजघरात दुसरी पाळी चालू आहे, थंडी बरी पडलीय. तू पाठवलेला इंद्रायणी तांदळाचा कट्टा मिळाला. वास पार जिन्यात गेला, खालच्या काकू विचारायला आल्या, घोटीचा का म्हणून. अजून शिजवला नाही.

पत्र बघून म्हणशील, उज्जीला काय खूळ लागलं, फोन फुटला का हिचा. तीनदा फोन केला ताई. तिन्ही वेळा तू "भाजी काय केली?" विचारलंस, मी मेथी म्हणाले आणि ठेवून दिला. म्हणून हे लिहून भागीबाईच्या हाती देतेय. ती उद्या माहेरी घोटीला येतेय.

रूपालीची धाप कमी आहे का? आणि तू तिच्याशी बोलतेस का? दाजी म्हणाले, पंधरा दिवस झाले, तू लेकीशी बोलत नाहीस. "आजार लपवून नोकरी धरली, मावशीचं नाक कापलं," असं भावकीत सांगत फिरतेस म्हणे. ताई, ते आधी थांबव.

का ते सांगते. पण अगोदर माझं काम समजून घे, कारण तू सगळ्यांना सांगतेस "माझी बहीण नोकऱ्या लावती", आणि ते तसं नाही. मी समुपदेशक. आमचं रोजगार केंद्र ज्या योजनेत चालतं तिचा नियम असा, की नोंदणी असलेल्या समुपदेशकानं प्रत्येक उमेदवाराला समोर बसवून अर्धा तास बोलायचं. शिक्षण काय, आजार कुठला, कुठलं काम झेपेल, कुठलं नाही. मग पत्रक भरून खाली सही करायची. त्या सहीशिवाय केंद्राला एकाही माणसाला कामावर पाठवता येत नाही. आणि आमच्याकडे अशी नोंदणी एकटीची, माझी. दोन वर्षं रविवारचे वर्ग केले, परीक्षेच्या दिवशी तू घोटीहून येऊन माझ्या घरचा स्वयंपाक केलास, आठवतं ना? केंद्राचे चालक रविराज सर, त्यांनी माझ्या प्रमाणपत्राची फ्रेम स्वतः दारासमोर लावली. केवढी फुगले होते मी तेव्हा.

दिवसाला चाळीस जण येतात. चाळीस अर्धे तास एका दिवसात कुठून आणायचे? मग सरांनी युक्ती काढली. शनिवारी चहा झाला की कोऱ्या पत्रकांचा गठ्ठा पुढे यायचा. "मॅडम, सह्या करून ठेवा, आठवडाभर आम्ही भरतो." निळ्या पेनानंच करायच्या, काळी सही झेरॉक्स वाटते म्हणे. पहिल्या शनिवारी माझा हात अडला होता. पुढे पुढे मी गप्पा मारत सह्या करायला लागले. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

रूपाली आली तो बुधवार होता. मी काचेच्या आत फायली लावत होते. तिनं हात केला, मीही केला. म्हटलं, संध्याकाळी घरी नेऊ, निवांत बोलू. बाहेर आले तोवर टेबलावरच्या माणसानं माझ्या सहीचं पत्रक भरून तिला अंबडच्या एका रंगाच्या कारखान्यात लावूनही टाकलं होतं. आजार : नाही. ताई, तिला कुणी विचारलंच नाही गं.

जेवताना ती म्हणाली, पावडरच्या रंगाचं काम आहे. लहानपणी तिला दम लागला की मांडीवर घेऊन वाफ मीच द्यायचे. मला माहीत होतं. पण हे एक पत्रक रद्द करायचं तर बाकीच्या पत्रकांचं काय सांगू? मी म्हणाले, मास्क लावत जा हं, आणि तिला वरण वाढलं. दोन महिन्यांत पोर तिथे दोनदा बेशुद्ध पडली.

मला कुणी विचारलंच नाही, असं ती खरं सांगत होती तेव्हा तू तिला म्हणालीस, "उज्जी विचारल्याबिगर राहायची नाय. तूच खोटारडी हायेस." दाजींनी हे सांगितलं म्हणून तर तुला फोन करत होते.

सोडून दे नोकरी म्हणशील. केंद्राचा ना हरकत दाखला मिळाल्याशिवाय माझी नोंदणी दुसरीकडे जात नाही. दोनदा मागितला. सर अगदी शांतपणे म्हणाले, "जा की. पण अडीच वर्षांच्या सह्या तुमच्या आहेत, मॅडम. माझी एकही नाही." दगडाखाली हात सापडलाय आणि दगड मीच ठेवलाय. तरी रोज दहाला जाते आणि त्याच फ्रेमखाली बसते.

शुक्रवारी अकरा वाजता रूपालीच्या प्रकरणाची चौकशी करायला योजनेची माणसं केंद्रात येणार आहेत. सरांनी माझा जबाब टाइप करून ठेवलाय. "मी उमेदवाराशी अर्धा तास बोलले, तिने आजार लपवला." फक्त सही बाकी आहे. केली तर माझी नोंदणी वाचते आणि रूपालीवर खोटारडेपणाचा शिक्का बसतो, योजनेतून तिला परत कुठेही काम नाही. नाही केली तर नोंदणी गेली, आणि पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही.

अजून केलेली नाही. कपाटातून एक पत्रक काढून सोबत जोडलंय. बघ नीट. नाव नाही, गाव नाही, आजार नाही, काही नाही. खाली फक्त मी.

शुक्रवारी रूपालीला घेऊन ये. मी खरं बोलेन असं वचन दिलं असतं, पण मला माझाच भरवसा नाही. सर चहा मागवतील, कागद पुढे करतील आणि सवयीनं हात जाईल. तू समोर असलीस तर जाणार नाही. तुझ्यासमोर मला कधी खोटं बोलता आलं नाही, म्हणून तर तीन वेळा मेथी सांगून फोन ठेवला.

मला काय बोलायचं ते बोल, दोन लगावल्यास तरी चालेल. पण रूपालीशी आज बोल. हे पत्र तिला वाचून दाखव. तिची माफी मी तिच्या तोंडावर मागेन.

तांदूळ तसाच ठेवलाय. तुम्ही दोघी आलात तर शुक्रवारी शिजवीन.

ही सही मात्र सगळं वाचून केली आहे.

तुझी,
उज्वला