गोळ्यांची वाटणी

४ नोव्हेंबर २००३, मंगळ
नव्या औषधाच्या चाचणीच्या फॉर्मवर सही केली एकदाची. डॉ. म्हणाले, केमोचं नेहमीचं सलाइन सगळ्यांनाच. त्यावर निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसतीच, औषध नसलेली. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांनाही कळणार नाही.
"आणि मला नुसतीच मिळाली तर?"
"तरी तुमच्यामुळे पुढच्यांना कळेल, काकू, औषध चालतं की नाही."
बत्तीस वर्षं गणित शिकवलं, मला पटलं. ह्यांना नाही. घरी कारेलीबागेपर्यंत स्कूटरवर गाल फुगवून.

११ नोव्हें.
हॉस्पिटलच्या बाकावर वासणा भागातल्या हंसाबेन भेटल्या. त्याही गोळीवाल्याच. मानेला गाठ, माझ्यासारखीच. काय बोलतात बाई! सलाइन संपेपर्यंत तोंडाला विश्रांती नाही. मी गूळपोळी दिली, त्यांनी हांडवो. डबा रिकामा परत करायचा नाही, दोघींच्याही घरची रीत.

२५ नोव्हें.
मला उलट्या, तोंड आलेलं. हंसाबेन ठणठणीत. "तमारी साची, मारी खोटी," खरी गोळी मलाच मिळाली म्हणून रडायलाच लागल्या. मुलगी दहावीत आहे त्यांची. राहवलं नाही. म्हटलं काढा बाटली. पंधरा माझ्या त्यांच्यात, पंधरा त्यांच्या माझ्यात. सगळं निम्मं निम्मं खायची सवय लागलीय, गोळ्या का नाही? नर्सने मोजल्या तरी बरोब्बर भरतील. पोट धरधरून हसलो.

१४ जाने.
उत्तरायण! काल तपासलं. दोघींच्याही गाठी लहान, हं.ची तर बोटाला लागतच नाही. आज त्या सहकुटुंब आमच्या गच्चीवर. उंधियू, जिलबी. ह्यांनी दोन पतंग कापले आणि ह्या वयात असे नाचले की... ओरडून माझा घसा बसलाय. जगायला काय मजा येते, देवा!

२० जाने.
बाकावर नवी मुलगी, मांडीवर तान्हं, हातात तोच फॉर्म. "आंटी, आ दवाथी फेर पडे छे?"
फरक पडतो का, म्हणे. काय सांगू? आम्ही घातलेल्या घोळानंतर आमच्यावरून कुणालाच काही कळणार नाही. उलट्या सलाइननेही होतात, हेही तेव्हा सुचलं नाही. म्हणे गणिताची बाई!
हं.ना म्हटलं, सांगून टाकू या. त्यांनी मला वेडीच ठरवलं. "गांडा थया छो? दवा बंद करी देशे!" तेही खरंच. जेवण गेलं नाही.

२७ जाने.
सांगितलं. मी एकटीच आत गेले, हं.चं नाव घ्यायचं नाही असं ठरवून. डॉ.नी विचारलं, कुणाशी बदलल्या?
"मारी साथे." हं. दारात उभ्या!
डॉ. लालबुंद. चांगलंच झापलं, मग म्हणाले, आधी बसा दोघी. चाचणीची समिती ठरवेपर्यंत गोळ्या बंद. खरी कुणाची होती, त्यांनाही माहीत नाही. बाटल्या टेबलावर ठेवून आलो.
सयाजीगंजात शेव-उसळ खाल्ली, जाळ तिखट. नाक पुसत, हसत. इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. मध्येच हं. थांबल्या, "गांठ पाछी आवशे तो?"
मी त्यांचा हात धरला. गाठ परत येण्याची भीती मलाही होतीच. त्यांनी आणखी एक प्लेट मागवली.